दोन शिक्षकी शाळेत मुलांच्या मनाकडे कोण बघणार?

(ज्यांना हा भाग ऐकता आला नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोलले तसंच ठेवलं आहे.)



मागच्या भागात आपण बहुवर्ग अध्यापनावर बोललो होतो. त्यानंतर जे निरोप आले, त्यांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा होता. प्रशिक्षणात सांगतात की मुलांच्या मानसिक आरोग्याकडे लक्ष द्या. पण आमच्या शाळेत शिक्षक दोन, वर्ग चार, त्यात पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहिती आणि बांधकाम. समुपदेशक कुठून आणायचा? हे काम करायचं कोणी?

आज मी दुसऱ्या कुणाला बोलावलेलं नाही. मीच बोलणार आहे, कारण या प्रश्नाचं उत्तर मी स्वतः एक मोठी चूक करून शिकले. मुलाची ओळख पटू नये म्हणून काही बारकावे बदलले आहेत, गावाचं नाव घेत नाही.

आधी माझ्या शाळेबद्दल. चंद्रपूर जिल्हा, ब्रह्मपुरीकडचं जंगल, पहिली ते चौथी, पट चौतीस. शिक्षण हक्क कायद्यात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक धरलेले आहेत, आणि प्राथमिक शाळेला वेगळा मुख्याध्यापक दीडशेच्या वर पट गेला तरच. म्हणून मी शिक्षिकाही आणि मुख्याध्यापकपदाचा प्रभारही माझ्याकडेच. अशा शाळा आपल्या दोन्ही जिल्ह्यांत किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको.

मार्चची सकाळ

मार्चमध्ये आमच्याकडे मोह पडायला लागतो. लोक पहाटे, अंधार असतानाच टोपली घेऊन निघतात, कारण उशीर झाला तर फुलं गुरं खाऊन टाकतात किंवा दुसरं कोणी वेचून नेतं. वाकून वेचणारा माणूस आणि मागच्या झुडपात वाघ, हे आपल्या भागात घडत आलेलं आहे. ताडोबाच्या आतच वाघ असतात असं बाहेरच्यांना वाटतं. इथं ते शेताच्या बांधापर्यंत असतात.

त्या दिवशी सकाळपाळीची शाळा होती. साडेसातला मुलं आली आणि थोड्या वेळात गावातून आरडाओरडा ऐकू आला. तिसरीतल्या एका मुलाचे वडील गेले होते. मुलगा वर्गातच बसलेला होता.

तेरवी झाल्यावर तो शाळेत आला. आता माझी चूक सांगते. आम्ही सगळ्यांनी मिळून थोडी वर्गणी गोळा केली होती. मी परिपाठाला त्याला पुढं बोलावलं. दोन मिनिटं मौन पाळलं. पाकीट त्याच्या हातात दिलं, सरांनी फोटो काढला, तो ग्रुपवर टाकला. खूप जणांनी हात जोडल्याची चिन्हं पाठवली. मला वाटलं, शाळा त्याच्या पाठीशी उभी राहिली.

त्यानंतर तो बोलेनासा झाला. हजेरीला 'हजर' म्हणायचा, तेवढंच. मग रोज साडेआठच्या सुमारास पोट दुखायला लागलं. मग आठवड्यातून दोन दिवस यायचा. मग येणंच थांबलं. त्याची आजी मला म्हणाली, "म्याडम, तो म्हनते, शाळेत सारे माह्याकडेच पाहतात."

हे वाक्य मी कितीतरी दिवस डोक्यात घेऊन फिरले. आठ वर्षांच्या लेकराला शाळा ही एकच जागा होती जिथं तो 'वाघानं नेलेल्या माणसाचा मुलगा' नव्हता, नुसता तिसरीतला पोरगा होता. ती जागा मीच त्याच्याकडून काढून घेतली होती.

या वयात मन दुखलं की काय दुखतं?

थोडं समजून घेऊ. मोठा माणूस सांगतो, मला उदास वाटतं. सहा ते दहा वर्षांचं मूल असं सांगत नाही. त्याच्याकडे त्यासाठी शब्द नसतात. ते पोट दुखतं म्हणतं, डोकं दुखतं म्हणतं. बंद झालेलं अंथरुण ओलं करणं पुन्हा सुरू होतं. आधी एकटं शौचाला जाणारं मूल आता सोबत मागतं. कोणी शांत होतं, कोणी उगाच मारामारी करतं. अक्षर बिघडतं. पाढे येत होते ते विसरतात. आपण म्हणतो, हा आळशी झाला, हिचं लक्ष नाही.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. जे घडलं ते आपल्यामुळे घडलं असं त्यांना वाटू शकतं. मी रागात काहीतरी बोललो, म्हणून आई आजारी पडली. हे ती कुणाला सांगत नाहीत.

आणि साधारण सहा-सात वर्षांच्या आतल्या मुलाला मरण म्हणजे कायमचं, हे पुरतं उमगलेलं नसतं. म्हणून 'बाबा झोपलेत', 'बाबा गावाला गेलेत' असं सांगू नये. झोपेचीच भीती बसते, किंवा मूल वाट बघत बसतं. 'बाबा मेले, आता ते परत येणार नाहीत, आणि आम्ही तुझ्याजवळ आहोत,' हे ऐकायला कठोर वाटतं, पण मुलाला ते समजतं.

आता एक व्यवस्थेची गोष्ट. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांची पाहणी झाली आणि त्यांत सुमारे ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं दिसलं. २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य व कल्याण कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करायचं ठरलं, पण तो सहावीपासून पुढच्या वर्गांसाठी आहे. म्हणजे बघा, लक्ष सगळं किशोरवयावर. पहिली ते चौथीचं मूल या सगळ्याच्या आधी आपल्याकडे येऊन जातं. तिथं दुसरं कोणी नसतं, आपणच असतो.

बघा, ऐका, जोडून द्या

पोरगा यायचा थांबल्यावर मी ओळखीच्या एका डॉक्टरांशी बोलले. त्यांनी मला जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची एक छोटी मार्गदर्शिका वाचायला सांगितली, मानसिक प्रथमोपचाराची. जखमेला जसा प्रथमोपचार, तसा मनाला. सामान्य माणसानं करायचा. तिचा गाभा तीन शब्दांत आहे: बघा, ऐका, जोडून द्या. तिच्यात हेही स्पष्ट आहे की कुणालाही झालेली घटना सांगायला भाग पाडू नका. मी तर भर परिपाठात उभं केलं होतं.

आमच्या शाळेत या तीन शब्दांचं काय झालं ते सांगते.

पहिलं, बघणं. आम्ही काही फॉर्म तयार केला नाही, फॉर्म आपल्याकडे आधीच भरपूर आहेत. हजेरीपटाच्या मागं एक साधी वही ठेवली. शनिवारी शाळा सुटल्यावर सर आणि मी पंधरा मिनिटं बसतो. चौतीस नावं वाचतो आणि प्रत्येक नावाला एकमेकांना विचारतो: या आठवड्यात याच्यात काही बदललं का? खाणं, खेळणं, बोलणं, येणं, अभ्यास, या पाच गोष्टी. बदल असेल तरच एक ओळ लिहायची. मूल मुळात शांत असेल तर ती नोंद नाही. बोलकं मूल शांत झालं तर नोंद.

आणि यात आम्ही स्वयंपाकी ताईंना बसवलं. सगळ्यांत जास्त त्याच सांगतात. कोणी ताटात टाकलं, कोणी तीनदा मागितलं, कोणी डब्यात भरून नेतंय, हे मला वर्गात कळत नाही. या मुलाच्या बाबतीत त्यांनीच सांगितलं होतं की तो शाळेत येत होता तेव्हा खिचडी अर्धी खाऊन उरलेली धाकट्या बहिणीसाठी नेत होता. मी ते ऐकून सोडून दिलं होतं. आठ वर्षांच्या पोरानं घरचा कर्ता व्हायला घेतलं होतं, असा त्याचा अर्थ होता.

बघण्यातच आणखी एक गोष्ट येते, आणि ती आपल्या भागात विसरू नका. सगळंच मनाचं नसतं. पोट दुखतं, हातपाय दुखतात, मूल वारंवार गैरहजर राहतं, तर आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलचा विचार आधी करायला हवा. लक्ष नाही म्हणतो त्या मुलाला कमी ऐकू येत असेल, फळ्यावरचं दिसत नसेल, रक्त कमी असेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्या दिवशी 'सगळे बरे आहेत' म्हणून सही करून मोकळं होऊ नका. वहीतली नावं त्यांच्यापुढं ठेवा. या मुलालाही आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. पोटात काही नव्हतं. मग पुढचा विचार केला.

दुसरं, ऐकणं. मी त्याच्या घरी गेले. शाळेत का येत नाहीस, असं विचारलं नाही. आजी तेंदूच्या पानांची पुडकी बांधत होती, मीही बसले. चार दिवस रोज अर्धा तास. पाचव्या दिवशी तो आपणहून बाजूला येऊन पानं मोजायला लागला. समोरासमोर बसवून 'बोल, काय झालं' विचारलं की लहान मूल मिटतं. हाताला काम असलं, नजर दुसरीकडे असली, की बोलतं. शाळेत परसबागेला पाणी घालताना मुलं मला जेवढं सांगतात तेवढं वर्गात कधीच सांगत नाहीत.

तो म्हणाला, "बाबा मले चाल म्हने. मी उठलोच नाई."

त्या पहाटे वडिलांनी त्याला सोबत बोलावलं होतं. तो झोपून राहिला. आपण असतो तर ओरडलो असतो, वाघ पळाला असता, असं तो महिनाभर मनात घेऊन बसला होता.

मी त्याला एवढंच सांगितलं: "तू उठला नाहीस म्हणून वाघ आला नाही. वाघ तिथं आधीपासून होता. तू लहान आहेस, वाघाला तू थांबवू शकला नसतास. यात तुझी चूक नाही." तो काही बोलला नाही. पुढच्या काही आठवड्यांत त्यानं तेच तीनचार वेळा वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलं आणि मी तेच उत्तर दिलं. एकदा सांगून भागत नाही.

त्याच्या भाषेत

इथं थोडं मागं जाते. चंद्रपूरला बदली होण्याआधी मी भामरागड तालुक्यात होते. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की बाहेरच्या जगाशी संबंध तुटायचा. माझ्या पहिल्या वर्षी पहिलीत एक मुलगी होती. दोन महिने एक शब्द बोलली नाही. मी तिला मनातल्या मनात 'मंद' ठरवून टाकलं होतं. एक दिवस ती सारखी 'येर, येर' म्हणत रडायला लागली. मला कळेना. माडियात येर म्हणजे पाणी. तिला तहान लागली होती. त्याच संध्याकाळी नाल्यावर मी तिला भावंडांशी अखंड बडबडताना पाहिलं.

घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी असली की पुष्कळ मुलं सुरुवातीचे काही महिने गप्प राहतात. ती ऐकत असतात, साठवत असतात. त्याला आपण बुद्धीचा दोष समजतो. पण त्या गप्प राहण्यात भीती मिसळली, की शाळा म्हणजे पोटात गोळा आणणारी जागा होते. ज्या शाळेत तहान लागली हेही सांगता येत नाही, तिथं मन मोकळं करणं लांबच राहिलं.

नंतर मी तिथल्या मोठ्या मुलींना गुरू करून माडियातले पन्नासेक शब्द तक्त्यावर लिहिले. पाणी, भूक, दुखतं, भीती वाटते, घरी जायचं, कोणी मारलं. आधी एवढे शिकले, बाकीचे नंतर.

गडचिरोलीत हे काम मोठ्या निष्ठेनं करणारे लोक आहेत. हेमलकसाला लोकबिरादरी प्रकल्पाची शाळा १९७६ पासून माडिया मुलांमध्ये काम करते आहे. एटापल्ली तालुक्यातल्या जाजावंडीच्या जिल्हा परिषद शाळेचे मंतैय्या बेडके यांना २०२४ चा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार मिळाला, त्याआधी २०२१ मध्ये सिरोंचा तालुक्यातल्या आसरअल्लीच्या खुर्शीद शेख यांना. एका ठिकाणी घरात माडिया-गोंडी, दुसऱ्या ठिकाणी तेलुगू. बाहेरून बघणाऱ्यांना अशा शाळांचा वाढलेला पट दिसतो. मला वाटतं, मूल शाळेत टिकतं ते आधी तिथं त्याला सुरक्षित वाटतं म्हणून.

झाडीपट्टीतल्या शिक्षकांना वाटेल, आमची मुलं तर मराठीच बोलतात. पण 'मले' म्हटलं की आपण लगेच 'मले नाही, मला' म्हणतो ना? तो मुलगा 'बाबा मले चाल म्हने' म्हणाला तेव्हा मी भाषा सुधारली असती, तर पुढचं वाक्य आलंच नसतं. भाषेच्या तासाला प्रमाण मराठी शिकवा, जरूर शिकवा. मूल मनातलं सांगत असताना नको.

जोडून देणं

तिसरा शब्द. आपण शिक्षक आहोत, डॉक्टर नाही. आपलं काम ओळखायचं आणि योग्य दारापर्यंत पोचवायचं. पण ती दारं माहीत हवीत, म्हणून जरा लिहून घ्या.

टेली-मानस, क्रमांक १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. हा मुलांसाठी आहे तसा पालकांसाठी आणि आपल्यासाठीही आहे. मी स्वतः फोन केला होता, शिक्षिका म्हणून काय करू ते विचारायला.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम. चौकशी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात करायची. तालुक्याला गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचं काम बघणारे विशेष शिक्षक असतात, त्यांनाही सांगून ठेवा.

१०९८, मुलांसाठीची मदतवाहिनी. आणि मुलानं लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. गावात बैठक घेऊन मिटवणं हा पर्यायच नाही. म्हणून मुलाला 'मी कुणालाच सांगणार नाही' असं वचन कधी देऊ नका. 'तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगीन,' असं म्हणा.

आणि पैशाची दारंसुद्धा. आई किंवा वडील गमावलेल्या मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपये. अर्ज महिला व बालविकास विभागाकडे करायचा. घरच्यांना ही कागदपत्रं जमत नाहीत, शाळेनं दाखला आणि झेरॉक्स यांत मदत केली तरी खूप होतं. घरात उद्याची चिंता थोडी कमी झाली की मुलाच्या डोक्यावरचं ओझंही कमी होतं. हे सगळं मानसिक आरोग्याचंच काम आहे.

पैशावरून एक गोष्ट आठवली. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला तर वनविभागाची मदत मिळते, काही रक्कम लगेच आणि उरलेली मुदत ठेवीत. गावात चर्चा होतेच. एका मुलानं वर्गात त्याला विचारलं, "तुमच्या घरी आता लय पैसे आले ना?" विचारणाऱ्यात दुष्टपणा नव्हता, घरी ऐकलं ते बोलला. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, शिक्षा केली नाही. आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांना हात जोडून विनंती केली, की ही चर्चा लेकरांसमोर नको. तेवढं त्यांनी ऐकलं.

मुख्याध्यापकाच्या हातात काय असतं?

आता नेतृत्वाचं. मोठा शब्द आहे. दोन शिक्षकांच्या शाळेत नेतृत्व म्हणजे काही गोष्टी ठरवणं आणि त्या रोज पाळणं. आम्ही पाच ठरवल्या.

एक, मदत कधीही सगळ्यांसमोर द्यायची नाही. वही असो, कपडे असोत, पाकीट असो. घरी जाऊन, मोठ्या माणसाच्या हातात. फोटो नाही.

दोन, मारायचं नाही आणि टोचून बोलायचंही नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही बंदी आहे, हा दुसरा भाग आपण विसरतो. 'तुझा बापही असाच' हे वाक्य छडीपेक्षा खोल जातं.

तीन, दिवसाचा क्रम बदलायचा नाही. ज्या मुलाच्या घरात सगळं विस्कटलंय, त्याला परिपाठ, मग गणित, मग खिचडी, हा ठरलेला क्रम आधार देतो. वेळापत्रक बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगायचं.

चार, भीतीबद्दल खरं बोलायचं. त्या घटनेनंतर मुलं मधल्या सुट्टीत वाघ-वाघ खेळायला लागली. एक वाघ, एक मोह वेचणारा. सरांना ते बघवेना, ते म्हणाले, बंद करू या. आम्ही बंद केलं नाही, पण जवळ उभे राहिलो. मुलं खेळातून घटना पचवतात. काही दिवसांनी खेळात वाघाला पळवणारं दल आलं, मग खेळ आपोआप संपला. मात्र एखादं मूल तोच खेळ आठवडेच्या आठवडे, तसाच, घाबरून खेळत राहिलं, तर ते वहीत लिहायचं. आमच्या गावातल्या प्राथमिक प्रतिसाद दलाच्या तरुणांना बोलावलं. एकटं जायचं नाही, वाकून बसायचं नाही, अंधारात निघायचं नाही, हे त्यांनी सांगितलं. शाळेत येता-जाता मुलांचे गट केले, प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस. काय करायचं ते माहीत झालं की मुलांची भीती आटोक्यात येते.

पाच, शिक्षकानं एकमेकांकडे बघायचं. शनिवारच्या पंधरा मिनिटांतली शेवटची दोन आमची. सर, तुम्ही कसे आहात? त्या मार्चमध्ये मला रात्री झोप लागत नव्हती, आणि हे मी पहिल्यांदा सरांना सांगितलं.

यातल्या एकाही गोष्टीला निधी लागला नाही. वेळ लागला, तो खरा. मी खोटं सांगणार नाही, त्या महिन्यात दोन अहवाल उशिरा गेले आणि मला त्यासाठी बोलणीही खावी लागली.

कुठं थांबायचं

हे नीट ऐका. मूल मरण्याबद्दल बोलतंय, स्वतःला इजा करतंय, तर त्याच दिवशी घरच्यांना सांगा, त्याला एकटं सोडू नका, १४४१६ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. झटके येतात, बोलणं पूर्ण बंद झालंय, खाणं-झोप तुटलीय, तरी थांबू नका. आणि बाकीच्या बदलांना महिना होऊनही ते कमी होत नसतील, तर ते आपल्या आवाक्याबाहेरचं समजा. मांत्रिकाकडे नेणारं घर असेल तर भांडू नका. 'तिकडेही जा, पण डॉक्टरांकडे माझ्याबरोबर चला,' असं म्हटलं की बहुतेक लोक येतात. हा मुलगाही दोन वेळा रुग्णालयात जाऊन आला, आजीबरोबर. मी एकदा गेले, सर एकदा गेले.

आता तुम्ही म्हणाल, एका शिक्षकानं असा किती फरक पडतो? हवाई बेटांतल्या कवाई बेटावर एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. त्यांतली बरीच गरिबीत, भांडणांत, व्यसनाच्या घरांत वाढली. अशा जोखमीतल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं तरीही चांगली, सक्षम माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात काय होतं बघितलं, तर बऱ्याचदा त्यांची काळजी घेणारं एखादं खात्रीचं माणूस होतं. आजी, शेजारीण, नाहीतर शिक्षक. आपल्याकडच्या मुलाकडे आजी होतीच. शाळेनं दुसरं माणूस व्हायचं होतं.

शेवटी त्याचं काय झालं, हे विचाराल. तो जूनअखेर शाळा उघडली तेव्हा आला. पहिले काही दिवस धाकट्या बहिणीचा हात धरून तिच्या वर्गात बसला, बसू दिला. दिवाळीनंतर मंडई झाली, गावात नाटक आलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्यानं वर्गात खलनायकाची नक्कल केली आणि सगळे हसले. मार्च आला तेव्हा पोटदुखी परत आली. वर्ष फिरून तीच तारीख येते तेव्हा असं होतं, याची तयारी आम्ही ठेवली होती. आठवडाभरात गेली.

आता तो चौथी पास झाला. पाचवीला शेजारच्या गावच्या शाळेत जाईल, तिथं त्याला कोणी ओळखत नाही. तिथल्या मुख्याध्यापकांशी बोलायचं ठरवलं, तेव्हा मी आधी त्यालाच विचारलं, "तिथल्या सरांना मी काय सांगू?"

त्यानं थोडा विचार केला. म्हणाला, "सांगून द्या. पन मले पुढं उभं करू नोका म्हना."

मी तेवढंच सांगून आले आहे.

तर मंडळी, या शनिवारी पंधरा मिनिटं काढा. हजेरीपट उघडा, नावं वाचा, स्वयंपाकी ताईंना सोबत बसवा. काय दिसलं ते मला नक्की कळवा, मुलांची नावं न घेता. पुढच्या भागात भेटू. जोहार.